मुलगा म्हणतो लिनक्स, प्रेसवाला म्हणतो सीडीआर

प्रश्न : मी कळव्याला राहते आणि घरातूनच मराठी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, एका वाचनालयाची वार्षिक पुस्तिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका. २२ वर्षं झाली. कॉम्प्युटर २०१४ चा आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १०. आता सारखी पाटी येते की याचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही. मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, ‘आई, नवीन मशीन कशाला? आर्च लिनक्स टाकून देतो. रविवारी दुपारी दोन तासांचं काम.’ मी विचारलं, माझे जुने फॉण्ट चालतील का? तर म्हणाला, ‘युनिकोडमध्ये टाइप कर ना, जग कुठे गेलंय!’ माझी कामं सीडीआरमध्ये, म्हणजे कोरेलड्रॉच्या फाइलमध्ये जातात, प्रेसवाला तेच मागतो. नाही म्हटलं तर मी मागासलेली, हो म्हटलं तर ऐन लगीनसराईत धंदा बसायचा. आणि हे लिनक्स म्हणजे नक्की आहे तरी काय?
– एक वाचक, कळवा

ताई,

येत्या रविवारी मुलाला तलावपाळीवर भेळ खायला पाठवा. कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

लिनक्सशी माझं काही वाकडं नाही. गेली बरीच वर्षं माझ्या टेबलावर तेच आहे, हे उत्तरही त्यावरच लिहितोय. पण तुमचे चिरंजीव जे करू म्हणतायत ते मी एकदा करून बसलोय. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. वाशीच्या घरी बाबांचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. एका शनिवारी रात्री ते झोपल्यावर मी त्यावर लिनक्स चढवलं. इन्स्टॉल करताना एक प्रश्न येतो, सगळी डिस्क पुसू का? मी हो म्हटलं. बाबांचा फोल्डर आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवला होता, त्यामुळे आपण फार जबाबदार वगैरे आहोत अशी समजूत होती. सकाळी त्यांनी ज्ञातिमंडळाच्या सभासदांची यादी उघडली. चारशेच्या आसपास नावं-पत्ते. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. फाइल शाबूत होती, फॉण्ट गेला होता. तो विंडोजच्या पोटात होता आणि विंडोज मी पुसलं होतं. बाबा रागावले नाहीत. कपाटातून एक आखीव वही काढली, मंडळाची जुनी पावतीपुस्तकं घेतली आणि पत्ते हाताने उतरवायला बसले. त्या वहीचा निळा पुठ्ठा मला अजून आठवतो.

तुमच्याकडे तर २२ वर्षांचं काम आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी उरकतो. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखा कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, सुरू झाली. तिच्या वळणावर, पण नव्याने लिहिलेला गाभा १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने जगापुढे मांडला, तो लिनक्स. तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता, तुमच्या चिरंजीवांच्याच वयाचा, तेव्हा मुलाला अगदीच मोडीत काढू नका. कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या बुडाशीही लिनक्सच आहे. म्हणजे गिऱ्हाइकाचं मॅटर तुम्ही आत्ताही लिनक्सवरच घेताय.

आता मुद्दा फॉण्टचा. ‘युनिकोडमध्ये टाइप कर’ म्हणणं मुलाला सोपं जातं, कारण जुना फॉण्ट त्याने आतून पाहिलेला नाही. त्याला शेजारी बसवा. जुन्या पत्रिकेतला ‘शुभविवाह’ निवडा आणि त्याला साधा इंग्रजी फॉण्ट लावा. जी इंग्रजी गिचमीड दिसेल, तीच खरी फाइल. तिच्यात मराठी कधी नव्हतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे चढवलेले होते. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिने देवनागरीला स्वतःची १२८ घरं दिली, पण तुम्ही धंदा सुरू केलात तेव्हा डीटीपीच्या सॉफ्टवेअरला त्या घरांचा पत्ता नव्हता. पानं मांडायच्या पेजमेकरला तर तो शेवटपर्यंत लागला नाही. तेव्हा तुम्ही मागे राहिलात हे म्हणणं चुकीचं आहे. तेव्हा जे चालत होतं त्यावर तुम्ही घर चालवलंत.

मुलगा म्हणेल, कन्व्हर्टर आहेत. आहेत. पण त्याला हेही दाखवा. जुना फॉण्ट अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतो. ‘कि’मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने जातं, आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलटं. ‘सूर्य’ लिहिताना जुन्या फाइलमध्ये य होऊन गेल्यावर रफार येतो, युनिकोडमध्ये र् आधी येतो आणि मग य. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉण्टचा मुखवट्यांचा नकाशा वेगळा. कन्व्हर्टरला हे सगळं उलटसुलट करून लावावं लागतं, आणि तो घसरतो तो नेमका वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांवर. अहवालात ते प्रुफात सापडतं. पत्रिकेत नवरीच्या आजोबांच्या आडनावावरचा रफार उडाला तर काय होतं, ते तुम्ही मला सांगायचं.

म्हणून सगळं जुनं काम बदलत बसू नका. वाचनालयाची पुस्तिका किंवा मंडळाचा अहवाल दरवर्षी येतो, त्यात निम्मा मजकूर तोच असतो. तो पुढच्या वेळी कामाला येईल तेव्हा युनिकोडमध्ये घ्या आणि एकदा नीट वाचून काढा. बाकीच्या जोडप्यांच्या पत्रिका आता कुणी मागायला येणार नाही. त्यांचे संसार सुखाचे चालोत.

जुन्या फॉण्टची फाइल लिनक्सवर नेता येते का? साधा ट्रू-टाइप फॉण्ट असेल आणि त्याचा परवाना आड येत नसेल तर येते. मजकूर दिसतो, छापताही येतो. अडतं टायपिंगपाशी. कोणती कळ दाबली की कोणता मुखवटा बसवायचा हे ठरवणारा जो छोटा प्रोग्रॅम मागे चालतो, तो विंडोजसाठी लिहिलेला असतो. त्याच्याबरोबर यूएसबीचं कुलूप (जे लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही) आलं असेल तर विषयच संपला. मुलगा ‘वाइन’चं नाव काढेल. त्याने विंडोजचे बरेच प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात हे खरं, पण तुमच्या आवृत्तीचं कोरेल त्यावर चाललं तरी मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात ते चालेलच याची हमी मुलगा देणार आहे का, विचारा. (ते कोरेल तुमच्याकडे कुठून आलं हे मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका.) गंमत म्हणजे २००० साली कोरेल कंपनीनेच लिनक्ससाठी कोरेलड्रॉ काढलं होतं. पुढे टिकलं नाही.

आता युनिकोड टायपिंग. तुम्ही कोणत्या कीबोर्डवर टाइप करता ते पत्रात नाही. इन्स्क्रिप्ट असेल तर तुमची निम्मी लढाई आताच जिंकली, कारण ती सरकारी प्रमाण मांडणी आहे आणि लिनक्समध्ये तशीच मिळते. बोटांना नवीन काही शिकायला नको. टायपरायटर पद्धतीची सवय असेल तर हुबेहूब तशीच मिळेल असं धरून चालू नका, आधी बघा. इन्स्क्रिप्टमधली एकच कळ मुलाला मुद्दाम दाखवा : शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबलं की ऱ येतो, नुसत्या जे वर र. ऱ वापरला नाही तर ‘आचाऱ्यांना’ लिहायला जाल आणि छापून येईल ‘आचार्यांना’. जेवणाचा हिशेब आचाऱ्यांना द्यायचा असतो, आचार्यांना आशीर्वाद मागायचा असतो. फोनवर इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहिणाऱ्या पिढीला हा फरक दिसतच नाही, आणि तुमच्या धंद्यात तर तो रोज लागतो.

लिनक्सवर मजकूर टाइप करायचं फुकट सॉफ्टवेअर म्हणजे लिब्रेऑफिस. त्यात एक खोच आहे, ती कळेपर्यंत माणूस वेडा होतो. तिथे इंग्रजीचा फॉण्ट आणि देवनागरीचा फॉण्ट असे दोन वेगळे खण असतात. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर देवनागरीसारख्या लिप्यांचा पर्याय चालू करून तिथे मराठी निवडायचं. हिंदी नव्हे, मराठी. काही फॉण्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणाची आणि हिंदी वळणाची रूपं एकाच फॉण्टमध्ये असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी रूपं बाहेर येतात. ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो. त्याआधी एका स्मरणिकेची शंभर पानं हिंदी ल ने छापून मोकळा झालो होतो.

प्रेसवाल्याचं बघू. तो सीडीआर मागतो, कारण त्याला शेवटच्या क्षणी फोन नंबर बदलायचा असतो. सवयीचा भाग आहे, आणि सवय त्याच्या सोयीची आहे. त्याला एक फोन करा आणि एवढंच विचारा : ‘फॉण्ट आत घालून सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ दिली तर चालेल का?’ ऑफसेटवाल्यांपैकी बहुतेकांना चालते. उलट फॉण्ट उडण्याची कटकट वाचते. हो म्हणाला तर लिनक्सवर पानं मांडायचं तुमचं हत्यार स्क्रायबस. १.४ पर्यंतच्या स्क्रायबसमध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटायची, त्या अनुभवावरून लोक अजून नाक मुरडतात. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ पासून ती नीट जुळतात. ते सीएमवायकेमध्ये काम करतं आणि प्रेसला लागते तशी पीडीएफ एक्स देतं. इंकस्केपमध्ये चित्रं, वेलबुट्ट्या, गणपती उत्तम होतात, पण त्याची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांतली निघते. ती तशीच प्रेसला दिलीत तर साधं काळं अक्षर चार रंगांत फुटतं, प्लेट केसभर हलली तरी अक्षराला रंगीत कडा येतात. तुम्हाला हे ठाऊक असेल, मुलाला नसेल.

तुमच्याकडचा गणपतींचा सीडीआर साठा इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ दोन्हीत उघडून बघता येतो. बरेचसे उघडतात, काहींच्या सोंडेचं वळण बिघडतं. मजकूर मात्र जुन्या फॉण्टमधला असेल तर पुन्हा तीच गिचमीड.

तेव्हा माझं म्हणणं असं. तुमचं मशीन एकाच सिस्टिमचं असलंच पाहिजे हा हट्ट सोडा. २५६ जीबीची एक साधी एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) घ्या, ठाण्यात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल, आणि नवीन मशीनच्या मानाने खर्च किरकोळ आहे. लिनक्स त्या एसएसडीवर. जुनी डिस्क आहे तशी, विंडोजसकट, तिच्या जागी. आणि इन्स्टॉल करताना मुलाने जुन्या डिस्कची वायर काढून बाजूला ठेवायची. ही अट आहे, विनंती नव्हे. वायरच नसेल तर ‘सगळी डिस्क पुसू का’ला हो म्हटलं तरी तुमच्या पत्रिकांना धक्का लागत नाही. झालं की वायर परत लावायची. मशीन चालू करताना कोणत्या डिस्कवरून उठायचं ते निवडता येतं. त्याआधी जुन्या डिस्कची एक पूर्ण नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, फॉण्ट आणि त्यांचा कीबोर्ड प्रोग्रॅम धरून. २०१४ ची डिस्क आहे. ती लिनक्सची वाट न बघताही जाऊ शकते.

मग कामाची वाटणी. इंटरनेट, मेल, व्हॉट्सअॅप वेब, वीजबिल, बँक, युनिकोडचं सगळं नवीन काम लिनक्सवर. जुन्या फॉण्टचं काम आणि सीडीआर हवंच म्हणणारा प्रेसवाला विंडोजवर, आणि तिथे नेटची वायर काढलेली. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडतं असं नाही, नवी भोकं बुजवली जात नाहीत एवढंच. नेटला न जोडलेल्या मशीनमध्ये शिरायला मग एकच वाट उरते : गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह.

आणि पेनड्राइव्हवर तर लिनक्सचं खरं सोनं होतं. सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान, शाळेचं ऑफिस अशी तीर्थयात्रा करून आलेला पेनड्राइव्ह तुमच्याकडे येतो. विंडोजमध्ये लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, खरे फोल्डर लपवलेले. तो लिनक्सवर लावा. लपवलेलंही सगळं समोर दिसतं, आणि विंडोजसाठी लिहिलेला तो शॉर्टकटचा व्हायरस तिथे नुसती एक निर्जीव फाइल म्हणून पडून राहतो. हवं ते मॅटर, फोटो तेवढे उचला, बाकीचं तसंच परत करा. माझ्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्याने केवळ एवढ्यासाठी एक जुनं मशीन लिनक्सवर ठेवलंय.

लिनक्सचे अनेक अवतार आहेत, त्यांपैकी आर्च नको. वाईट आहे म्हणून नव्हे. आर्चला ठरावीक आवृत्त्या नसतात, सगळं रोज थोडं थोडं बदलत राहतं, आणि अपडेटच्या आधी सूचना वाचायची शिस्त लागते. विद्यार्थ्याला त्यातून पुष्कळ शिकायला मिळतं. त्याच्या लॅपटॉपवर खुशाल असू दे. तुमच्या मशीनवर लिनक्स मिंट टाका. त्याची २२ क्रमांकाची मालिका उबंटू या दुसऱ्या अवताराच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, घाबरण्यासारखं काही नाही. ८ जीबी रॅमला ती आरामात चालते. एसएसडी आणण्याआधी ती नुसत्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरूनही चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. जरा हळू चालेल, पण प्रिंटर ओळखला जातोय का, आवाज येतोय का, मराठी कीबोर्ड बसतोय का, हे एका दुपारी कळतं.

प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलं नाहीत. एचपीचा असेल तर कंपनीचंच लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर आहे, बहुधा लावताक्षणी चालेल. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर ड्रायव्हरशिवायही चालतात. जुने स्वस्त छोटे लेझर मात्र त्रास देतात, कारण त्यांच्यात डोकं कमी असतं. पानाचं चित्र बनवायचं काम ते कॉम्प्युटरवर सोडतात आणि त्यांची भाषा फक्त त्यांच्या ड्रायव्हरला कळते. तसं निघालं तर प्रूफ विंडोजमधून काढा आणि पुढे चला.

शिकायला पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल नावाचा प्रकल्प आहे. लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरेंचे छोटे धडे, मराठी निवेदनासह, फुकट. दुपारी भांडी आवरल्यावर एक धडा होतो.

राहता राहिले चिरंजीव. त्यांना म्हणावं, हो, टाक लिनक्स. पण आधी तुझ्या लॅपटॉपवर एक पत्रिका पूर्ण करून दाखव. वर ‘श्री गजानन प्रसन्न’, चि. आणि चि. सौ. कां. आपापल्या जागी, मुहूर्ताचे तास-मिनिटं, दोन्हीकडच्या आज्या-आजोबांची नावं मानपानाने, ‘आपले आगमन हाच आहेर’, आणि खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं म्हणणारी पाच भाचरं. सगळं युनिकोडमध्ये, एका सुवर्णपिवळ्या कार्डावर मावेल असं, आणि प्रेसवाला हो म्हणेल अशी पीडीएफ. दोन तासांत म्हणाला होता ना? घड्याळ लावून बसा. चहा करून द्या, मदत करू नका. तो कुठे कुठे अडला ते कागदावर लिहा. तुमच्या मशीनवर लिनक्स टाकण्याआधी सोडवायच्या अडचणींची यादी तीच. आणि त्याने ती पत्रिका खरंच नीट केली, तर पुढच्या लगीनसराईत एक माणूस हाताशी आला म्हणून समजा.

ता. क. : दोन्ही सिस्टिम एका मशीनवर आल्या की एखाद्या सकाळी विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. व्हायरस नाही, बॅटरीही गेलेली नाही. लिनक्स मशीनमधल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली वेळ समजतं. मुलाकडे एका ओळीचा इलाज असेल. नसेल तर शोधायला सांगा.